चाळीस गादीपाटांचं एकच पान

आमच्या दुकानाची पायरी चढलेल्या गिऱ्हाइकाला अब्बा आधी भाव सांगत नसत आणि कापडही दाखवत नसत. ते विचारत, "कोन झोपनार?"

नवखा माणूस बावरायचा. बोरी अरबच्या बाजाराला नेहमी येणाऱ्यांना मात्र हे ठाऊक होतं. ते सरळ सांगत की पोरीच्या आंदणात द्यायची आहे, सून बाळंत व्हायची आहे, म्हाताऱ्याची कंबर धरली आहे. मग रुई किती घालायची, किती दाबून भरायची, टाके जवळ घालायचे की लांब, हे अब्बा ठरवत. कापड सगळ्यात शेवटी. आम्ही पिंजारी. रुई पिंजून गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. झोपणारा कळल्याशिवाय गादी भरायची म्हणजे पाय न बघता चप्पल शिवायची, असं अब्बा म्हणत.

गिऱ्हाईक एकदा कापडापर्यंत पोचलं की मात्र त्यांना आवरणं कठीण होतं. गादीपाट म्हणजे गादीच्या खोळीचं जाड कापड. त्याची चाळीस तऱ्हेची थानं आमच्या भिंतीला लागलेली असायची, आणि थान लपवायचं नाही हा आजोबांपासून चालत आलेला नेम होता. घेणाऱ्यानं पहिलंच पसंत केलं तरी उरलेली सगळी उलगडून दाखवायची. चांगला माल दडवून ठेवला, असं उद्या त्यानं म्हणू नये. संध्याकाळी ती सगळी थानं परत गुंडाळायचं काम अम्मीचं आणि माझं. त्यामुळं या नेमाबद्दल माझं मत आधीपासूनच फारसं चांगलं नव्हतं.

याच नेमानं आमची वेबसाइट बुडवली.

ती काढली माझ्या थोरल्या भावानं. भाईजान अब्बांसोबत दुकान बघायचा. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते असं लोक म्हणत. प्रत्यक्षात मी दिवसभर गाद्यांना टाके घालत बसलेली असायची, पण त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. ती गुलाबी बोंडअळीची वर्षं होती. बोंड फोडलं की आत अळी, आणि रुई निघालीच तर पिवळट, डागी. आमच्या भागात मुलीच्या लग्नाची गादी घरच्याच कापसाची भरायची रीत. बाप पोत्यात कापूस घेऊन यायचा आणि पोरगी आपल्या वावराच्या कापसावर झोपायला सासरी जायची. ती रीतच मोडली. लोक म्हणू लागले, या कापसाची गादी कुठं भरता, आणा यवतमाळहून फोमची. अब्बा पांढरकवड्याच्या जिनिंगमधून चांगली रुई आणून ठेवत आणि ती तशीच पडून राही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. तेव्हा भाईजान म्हणाला की गाव घेत नसेल तर आपण बाहेर विकू, आणि त्यानं नागपूरच्या एका वेबसाइटवाल्याला गाठलं.

वेबसाइटवाल्यानं फोनवर विचारलं, माल किती प्रकारचा आहे? अब्बांनी भाईजानच्या हातातून फोन घेतला आणि छाती फुगवून सांगितलं की चाळीस तऱ्हेचा गादीपाट आहे, आणि एकही सोडायचा नाही. भिंतीवर जसा प्रत्येक थानाला आपला कप्पा, तसं तिथंही प्रत्येकाला आपलं पान. त्या माणसानं कधी गादी भरताना पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय, तो हो म्हणाला. चाळीस कापडं, त्यात सिंगल, डबल आणि बाळाची, त्यात पुन्हा कमी रुईची आणि जास्त रुईची. प्रत्येक जोडीचं वेगळं पान. शेकडो पानं झाली. सगळ्यांवर मजकूर तोच, फक्त रंगाचं नाव बदललेलं. भाईजाननं अख्ख्या बाजाराला मोबाइल दाखवला. अब्बांनी पेढे वाटले.

आणि कुणी आलं नाही.

सर्चमध्ये काहीही टाका, आम्ही कुठंच नव्हतो. तक्रार केली तर वेबसाइटवाल्यानं दोष आमच्यावरच ढकलला. म्हणाला, बाळंतीण, कंबर, रजई असले गावठी शब्द काढा, मराठी काढा, आणि मुख्य म्हणजे पत्ता काढा. यवतमाळ जिल्हा वाचला की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच येतं. नागपूर लिहा. भाईजाननं नागपूर लिहिलं. मी विचारलं की आपण नागपूरला कधी राहायला गेलो? तो म्हणाला, धंद्यात असं चालतं. मला त्या दिवशी जो संताप आला, तो आजही हे लिहिताना येतो. त्या वर्षांत सर्चच्या चौकटीत आमच्या जिल्ह्याचं नाव टाईप केलं की पुढचे शब्द चौकट स्वतःच जोडायची, आणि ते शेतकऱ्यांच्या मरणाचे असायचे. आम्ही इथं जन्मलो, शिकलो, लग्नांत नाचलो, ईदला आणि दिवाळीला एकमेकांकडं फराळाची ताटं पाठवली. पण जगाला आमच्याबद्दल विचारायची एकच गोष्ट माहीत होती. आणि आता आम्हीही पत्ता लपवायचा?

त्या दिवाळीला पुसदचा एक फोमच्या गाद्यांचा एजंट दुकान बघून गेला. मोक्याची जागा आहे, भाड्यानं द्या, म्हणाला. भाईजान तयार झाला. अब्बा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ हो असाच घेतला जातो. होळी झाली की एजंट माप घ्यायला येणार, पाडव्यापासून दुकान त्याचं, आणि आमचं पिंजायचं मशीन भंगारात, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी भाईजानकडून वेबसाइटचा पासवर्ड मागितला.

"आता तसंही बंदच होनार हाय," तो म्हणाला. "कर काय कराचं ते."

मी दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यामागं बसून ती वेबसाइट उकलायला लागले. मोबाइलवर फुकटचे धडे भरपूर होते, त्यातले निम्मे मला कळत नव्हते, पण एक गोष्ट लगेच लक्षात आली. वेबसाइटच्या मागच्या खोलीत, म्हणजे मालकाला दिसणाऱ्या भागात, लोक कोणते शब्द टाकून शोधतात ते दिसत होतं. आमच्यापर्यंत कुणी पोचत नव्हतं तरी खूप खाली, सर्चच्या कुठल्या तरी मागच्या पानावर आमचं नाव ओझरतं दिसून जात होतं. एके दिवशी मरून फुलांची सिंगल गादी, दुसऱ्या दिवशी हिरव्या चौकटीची. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच मजकुराच्या, एकमेकींना खाली ढकलत. एकाच घरचे चाळीस भाऊ एकसारखे सदरे घालून एकाच मुलीला पाहायला गेले तर मुलीच्या आईनं चहा कुणापुढं ठेवायचा? तिनं सगळ्यांनाच परत पाठवलं होतं.

आणि लोक काय शोधत होते? मरून फुलं कुणीच शोधत नव्हतं. बाळंतिणीसाठी कापसाची गादी. कंबर दुखते, गादी कडक हवी की मऊ. बाळाची पहिली गादी. उन्हाळ्यात गरम न होणारी गादी. मी ते वाचत गेले आणि हसायला लागले. आमच्या पायरीवर बाजाराच्या दिवशी जे ऐकू यायचं, तेच मुंबई-पुण्याची माणसं त्या चौकटीला सांगत होती. गादीवर कोण झोपणार, हे सगळे आधी सांगत होते. आणि आम्ही त्यांना थानं दाखवत होतो.

जेवताना मी अब्बांना सांगितलं की मी शेकडो पानं मोडून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच ठेवणार आहे. त्यांचा घास थांबला.

"आजोबाच्या नेमावर उठली का तू?" ते म्हणाले. "थानं लपवाले निघाली?"

"अब्बा, गिऱ्हाईक आल्यावर तुमी पयले काय इचारता?"

त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला. अम्मी पदराआड हसली.

"मंग मी पयले थान कायले दाखवू?"

अब्बांनी हात धुतले आणि उठून गेले. पटलं असं त्यांनी म्हटलं नाही. ते माझ्याशी काही दिवस बोललेच नाहीत, आणि मीही समजूत काढायला गेले नाही. माझं चुकत नव्हतं.

मी पानं झोपणाऱ्यांची केली. बाळंतिणीचं एक, बाळाचं एक, कंबरदुखीवाल्यांचं एक, लग्नाच्या गादी-रजईचं एक. प्रत्येक पानाची एकच लिंक, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. माप, रुईचं वजन आणि कापड या निवडी त्याच पानाच्या पोटात. कापडाच्या चौकोनावर बोट ठेवलं की फोटोतलं कापड बदलायचं, पण पान तेच राहायचं. चाळीसही थानं होती, एकही लपवलं नव्हतं, फक्त ती आपल्या जागी, शेवटी गेली होती. जुन्या पानांचे पत्ते मी नुसते पुसले नाहीत. चुकून कुणी तिकडं गेलाच तर तो नव्या पानावर येईल असं वळण प्रत्येकाला लावलं. हे काम थानं गुंडाळण्याइतकंच कंटाळवाणं होतं. एका कापडाचा अपवाद केला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जुना गादीपाट लोक त्याच्या रूपावरूनच शोधत होते, लहानपणीची पट्ट्यांची गादी म्हणून. शोधणारा ज्याला नावानं हाक मारतो त्याला स्वतंत्र पान, आणि ज्याला हाक मारत नाही तो दुसऱ्याच्या पानात, हा हिशेब मी धरला. पट्टेवाला अब्बांचा लाडका. त्याचं स्वतंत्र पान पाहून ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. फोटो वाकडा आला आहे म्हणाले.

मजकूर मी प्रत्येक पानाचा निराळा लिहिला, मराठीत. बाळंतिणीची गादी कडक का लागते, रुई किती दाबतात, उन्हं कशी दाखवायची, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पिंजून कशी भरून घ्यायची. अम्मी टाके घालता घालता सांगायची आणि मी लिहायची. खाली दुकानाचा पत्ता लिहिला. नागपूर खोडलं आणि बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, असं पूर्ण लिहिलं. मग वाटलं, खाली कशाला? तो उचलून प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठेवला.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. जुनी पानं गेली आणि नवी सर्चला अजून दिसायची होती, त्यामुळं जे ओझरतं दिसत होतं तेही बंद झालं. होतं तेही घालवलं, असं भाईजान येता-जाता ऐकवायचा. वावरांत लोक पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, वेळेआधीच उपटून टाकत होते, बाजार ओस होता, आणि मी मोबाइल घेऊन बसलेली. मला भीती वाटत होती. पण ती मी त्याला दिसू दिली नाही.

मग संक्रांतीच्या सुमारास बाळंतिणीचं पान वर सरकायला लागलं. आधी सर्चच्या मागच्या पानावरून पुढच्यावर, मग वरून मोजण्याइतकं जवळ. अकोल्याहून पहिली मागणी आली, मग नांदेडहून, मग पुण्याहून. रांग वगैरे काही लागली नाही. कुरिअरवाला बोरीला यायला तयार नव्हता, म्हणून मी गुंडाळलेली गादी तरटात बांधून एसटीनं यवतमाळला न्यायची. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडताना विचारायचा की झोपायला चालली का. मी सांगायची, तुमच्या गाडीचे धक्के माहीत आहेत म्हणून घेतली. भाईजान मोजत होता की एवढ्यानं दुकान चालत नाही, आणि ते खरंही होतं. होळी जवळ येत होती. एकेक मागणी मला मशीनच्या आयुष्याचा एकेक दिवस वाटायला लागली होती.

अशात नाशिकहून एका बाईंचा फोन आला. भाईजान शेजारीच होता, मी फोनचा आवाज मोठा केला. बाईंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यांना गादी हवी होती, शिवाय बाळाची, शिवाय दोन रजया. भाईजानचे डोळे चमकले. मग त्या मायेनं म्हणाल्या, "खरं सांगू का, पत्ता वाचला आणि कसंतरी झालं. म्हटलं, तेवढीच आपल्याकडून मदत."

त्या वाईट नव्हत्या. आवाजावरून कळत होतं. पण माझ्या कानशिलात काहीतरी तडकलं.

"मदत म्हणून घ्यायची असेल तर राहू द्या, काकू," मी म्हणाले. "दयेची गादी आम्ही भरत नाही. आमची गादी चांगली आहे म्हणून घ्यायची असेल तर सांगा. मुलीला कितवा महिना?"

 पलीकडून फोन कट झाला.

भाईजान उभाच राहिला. आलेलं गिऱ्हाईक, तेही एवढं मोठं, हाकललं. आता तूच कुलूप लाव दुकानाला, म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता.  अब्बा मशीनपाशी होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण पुन्हा फोन लावून माफी मागावी असं एकदाही वाटलं नाही. आजही वाटत नाही. ज्या पत्त्यासाठी मी भांडले, त्याच पत्त्याच्या नावानं भीक मागून मला गादी विकायची नव्हती.

होळीच्या आदल्या आठवड्यात त्याच बाईंची मागणी वेबसाइटवर आली. सगळं सामान तेच. कापड त्यांनी पट्टेवाला निवडला होता. मागणीच्या खाली दोन शब्द लिहायला जागा असते, तिथं लिहिलं होतं: "आठवा लागलाय. उंची कमी, अंगानं बारीक. उजव्या कुशीवर झोपते. कडक भरा. मदत नाही."

मी ते अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले की उजवी कूस म्हणजे त्या बाजूला रुई जरा जास्त दाबावी लागेल, आणि टाके जवळ घाल. अम्मीनं सुई ओवली.

होळी झाली आणि एजंट आला. दुपारची वेळ होती. अब्बांनी नाशिकची रुई मशीनमध्ये घातली होती, दुकानभर तिचा भुगा उडत होता, आणि मशीनचा आवाज इतका की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एजंट पायरीवर उभा राहून हातातली मापाची फीत हलवत होता. भाईजान पुढं झाला, त्यानं एजंटाच्या हातातली फीत घेतली आणि तिचं एक टोक दाराला धरलं. मग तो थांबून अब्बांकडं बघायला लागला. त्यांनी बटण बंद करावं, म्हणजे बोलता येईल, असं त्याच्या बघण्यात होतं.

अब्बांनी बटण बंद केलं नाही. ते गल्ल्यापाशी आले, अंगावरची रुई झटकली आणि एजंटाला, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं, मोठ्यानं विचारलं, "कोन झोपनार?"

"काय?" तो म्हणाला.

"गादी पाह्यजे ना तुमाले? मंग सांगा, कोन झोपनार तिच्यावर?"

एजंटानं भाईजानकडं पाहिलं. भाईजाननं माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं, आणि दाराला धरलेलं फितीचं टोक सोडून दिलं. एजंट पायरी उतरून गेला. पुढं त्यानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली, आणि त्याचंही बरं चाललं आहे.

फीत मात्र तो विसरला. भाईजाननं ती गुंडाळून गल्ल्यात ठेवली. आता कुणी फोनवर माप सांगितलं की गादीपाट आम्ही तिच्यानंच मोजतो.